घामाचा माग: जव्हार ते खोडाळा

जव्हार

जव्हारला लोक थंड हवेचं ठिकाण म्हणतात. त्यांनी ते ऑक्टोबरातल्या भर दुपारी, एसटीतून उतरून, पाठीवर पिशवी असताना म्हणून दाखवावं. पाऊस गेलेला, जमीन अजून ओली, वरून ऊन. डोंगरच्या डोंगर कुकरमध्ये ठेवून कोणीतरी गॅस बंद करायला विसरलंय, असं वाटतं. आमच्या डोंबिवलीतही घाम येतो, पण तिथे तो पंख्याखाली जरा वेळाने वाळतो. इथे तो आला की मुक्कामालाच राहतो.

मी गेले ते जयवंतीच्या निरोपामुळे. जयवंती दाभोशाजवळच्या एका पाड्यावरची, बारावी झालेली मुलगी. कष्टकऱ्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाच्या शिबिराला ठाण्याला आली होती आणि पहिल्या रांगेत बसून वक्त्यांना प्रश्न विचारून बेजार करत होती. सध्या ती जव्हारला एका खासगी केंद्रात रुग्णसेविकेचं शिक्षण घेते. फोनवर तिचा आवाज आला, "ताई, मॅडमनी मला दाराशी बसवलंय. बाकीच्या पोरी बाकावर, मी दाराशी. वास येतो म्हणतात."

मला एवढं पुरेसं होतं. बसमध्येच पत्रक लिहायला घेतलं. मथळा: ‘आधी पाणी द्या, मग वासाबद्दल बोला!’ खाली मुद्दे. डोंगराळ भाग, पाण्यासाठी वणवण, गरिबाची मुलगी आणि शहरी नाक. सगळं एकमेकांत नीट बसत होतं. विक्रमगड मागे पडलं, घाट लागला, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ओहोळ खळखळत होते. मी त्यांचे फोटो काढले, छान म्हटलं आणि पत्रकात ‘पाण्यासाठी वणवण’ या शब्दांखाली रेघ ओढली.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक लांब हॉल. दोन पंखे, दोन्ही सावकाश फिरणारे. एका बाजूला लोखंडी खाट, समोर बाकं आणि बाकांवर निळ्या गणवेशातल्या मुली. मॅडम निवृत्त परिचारिका. केस पांढरे, साडी नायलॉनची, अत्तर दारापर्यंत येणारं.

"तुम्ही एका मुलीला वासावरून दाराशी बसवता?" मी उभ्याउभ्याच विचारलं. "हा सरळ भेदभाव आहे."

"हो, बसवते," मॅडम म्हणाल्या. "पाणी घ्या आधी. घसा बसलाय तुमचा."

"मला पाणी नको. मला उत्तर हवंय."

"मग ऐका. ऑपरेशन झालेली बाई असते. पोटात आधीच ढवळत असतं. तिला उचलून बसवायचं म्हणजे तिचं नाक हिच्या काखेत येतं. ती बाई ओकली, टाके ताणले गेले, तर तिच्यासाठी पत्रक काढाल का तुम्ही?"

या प्रश्नाला आमच्या कुठल्याच पत्रकात उत्तर नव्हतं. मी दुसरीकडून शिरले. "तुम्ही तिला तोंडावर सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? तिला कळत नाही?" मॅडमचा आवाज किंचित उतरला. "असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. सोमवारी प्रात्यक्षिक आहे, रुग्णाला उचलून बसवायचं. तोवर सुधारलं तर ठीक, नाहीतर मी प्रमाणपत्रावर सही करणार नाही."

सही नाही म्हणजे काय, ते जयवंतीने बाहेर चिंचेखाली सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं तर जव्हारच्याच एका दवाखान्यात काम देऊ म्हणाले होते. नाही मिळालं तर दिवाळीनंतर घरच्यांसोबत वीटभट्टीवर. भिवंडीकडे, पावसाळ्याच्या तोंडापर्यंत.

मी लगेच पिशवीतून कागद काढला. तिने मथळा वाचला, खालचे मुद्दे वाचले आणि कागदाची घडी घालून परत माझ्याच हातात दिला.

"पत्रक नको ताई," ती म्हणाली. "वास जायला पायजे."

दाभोसा

दाभोशाकडे जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ या शब्दाचा अर्थ इथे वेगळा आहे. माझ्या मांडीवर एक कोंबडी होती, कोंबडीची मालकीण जयवंतीच्या मांडीवर. वरच्या दांडीला धरलेले सगळे हात म्हणजे सगळ्यांच्या काखा सगळ्यांच्या नाकाशी. शेतात राबलेल्या माणसांचा, सरपणाचा, सुकटीचा, बिडीचा असा एकत्र वास. कोणी नाक मुरडत नव्हतं. मीही मुरडलं नाही, तत्त्व म्हणून.

पाड्यावर पोचलो तर जयवंतीच्या आईने मला आपादमस्तक पाहिलं. मी नमस्कार केला. ती म्हणाली, "बाय, वास मारतो तुझा. नदीवर जा, आंग धू. मग जेवाया बस."

आमच्या घरी हे वाक्य कोणी पाहुण्याला म्हणालं असतं तर वर्षभर येणंजाणं बंद झालं असतं. आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. खिडकी उघडतात, पंखा वाढवतात, नाहीतर वाढदिवसाला सुवासिक फवारा भेट देतात. इथे शेतावरून आलेला माणूस, मग तो घरधनी का असेना, अंग धुतल्याशिवाय ताटावर बसत नाही आणि त्याला तसं सांगण्यात कोणाला काही वाटत नाही. जयवंतीचं दुखणं मला तेव्हा जरा कळलं. ती म्हणाली, "मॅडमनी तोंडावर सांगितलं असतं तर मी तवाच धुऊन आले असते. त्यांनी नुसती खुर्ची दाराशी सरकवली. मला वाटलं, वाऱ्याला बस म्हणतात. दोन दिवस मी आपली खूश. मग पोरींनी सांगितलं."

आणि नदी! दरीकडे धावत निघालेली, काठोकाठ. मी खडकावर उभी राहून तिच्याकडे बघत होते.

"काय बघता ताई?"

"इथे पाण्याची टंचाई असते ना?"

"चैत-वैशाखात या. तवा दाखवते टंचाई. आता किती हंडे पायजेत, बोला."

ती सकाळ-संध्याकाळ अंघोळ करत होती. साबण लावून, दगडाने घासून. लिंबू चोळून झालं होतं, त्याने काखेत पुरळ आलं होतं. पावडर झाली होती. शेजारच्या पोराचा फवारा गणवेशावर मारून झाला होता. "तवा तर मॅडम सोताच दाराशी जाऊन बसल्या," असं म्हणून ती हसली आणि मग हसू आवरून पाण्यात पाय हलवत राहिली.

म्हणजे बसमध्ये लिहिलेल्या पत्रकातलं एक वाक्यही उरलं नव्हतं. मला त्याचा राग आला. नंतर, खरं सांगायचं तर, उत्सुकता वाटू लागली. पाणी आहे, साबण आहे, अंघोळ आहे, तरी वास आहे. मग तो येतो कुठून? आमच्या पत्रकांत घाम पानोपानी असतो. घाम गाळणारे हात, घामाची भाकर, घामाला दाम. पण त्या घामाला वास आलेला मी एकदाही वाचला नव्हता.

जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, नदीतल्या खेकड्यांचा तिखटजाळ रस्सा आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी. जेवता जेवता वर पाहिलं तर चुलीच्या वर आढ्याला बियाणाच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या, धुराने काळपट झालेल्या. आणि त्यांच्या मधोमध, हँगरला, जयवंतीचा निळा गणवेश.

"हे काय?" मी विचारलं.

"धुरी देते," आई म्हणाली. "धुरानं बियाणाला कीड लागत नाय. मंग कपड्याला वास कसा लागंल?"

"आये, त्यानं आजून वास येतो," जयवंती म्हणाली. "पोरी इचारतात, जयवंती, चुलीतून आलीस का गं?"

"मंग चुलीतूनच आली ना तू. का कारखान्यातून आली?"

 मी आणखी एक भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत नागलीची कणसं खुडायला गेले. उतारावर नागली तांबूस झालेली, पलीकडच्या वरकस, हलक्या जमिनीवर खुरासणीची पिवळीजर्द फुलं. ऊन असं की डोळ्यांत घाम उतरत होता. जयवंतीने आईचं जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती पोलकं घातलं होतं. मी आमच्या गटाचा कालचाच टी-शर्ट घातला होता, छातीवर ‘घामाला मान’ असं छापलेला. तो मी आदल्या संध्याकाळी नदीवर जयवंतीच्याच साबणाने धुतला होता. सकाळी घालण्यापूर्वी हुंगूनही पाहिला होता. स्वच्छ.

दुपारी मोहाच्या सावलीत टेकलो तशी आई म्हणाली, "वास कुणाचा येतो गं?"

जयवंतीचा चेहरा पडला. तिने मान वळवून स्वतःची काख हुंगली. आईने हुंगली. मग मीही हुंगली, हो, तिथे बसून, भर दुपारी. घामाने चिंब होती ती, पण वास असा काही नव्हता. ओल्या सुताचा, मातीचा, एवढाच.

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली मान घातली आणि कालची अख्खी जीप माझ्या टी-शर्टमधून वर आली. कोंबडीसकट.

"ताई," जयवंती म्हणाली, "तुमचं भाषण काखेतून येतंय."

"पण मी हा धुतलाय! तुझ्याच साबणाने! सकाळी वास नव्हता!"

"माझ्या गणवेशाचं तेच तर हाय. सकाळी नसतो. जीपमधी बसली का येतो."

हे बोलून ती थांबली.  मग ती उठली आणि पाड्याकडे पळत सुटली. परत आली ती गणवेश घेऊन. आम्ही तो तापलेल्या खडकावर पसरला, काखेच्या जागी पाण्याचा हबका मारला आणि दोघी गुडघ्यांवर बसून वाट बघू लागलो. आई डोक्याला हात लावून आमच्याकडे बघत होती.

कापड गरम झालं, ओल वाफेसारखी वर आली आणि तिच्यासोबत वास आला. आंबूस, जुना, जयवंतीच्या सांगण्याप्रमाणे हुबेहूब तोच. कापडात माणूस नव्हतं. नुसता गणवेश खडकावर पडून घामट वास मारत होता.

"मी नाय ताई," जयवंती हळू म्हणाली. मग मोठ्याने, आईकडे वळून, "आये, मी नाय! ह्यो कपडाच हाय!"

जयवंतीला घेऊन मी टेकडीवर गेले, नेटवर्क मिळवलं आणि मिळेल ते वाचलं. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच. कातडीवरचे जंतू तो खातात आणि वास करतात. सुती कापड घाम पिऊन घेतं आणि धुतलं की बरंचसं सोडतं. माझ्या टी-शर्टचं आणि तिच्या गणवेशाचं हे चकचकीत, न चुरगळणारं, प्लास्टिकच्या जातीचं कापड पाणी पीत नाही, पण अंगावरचं तेल धरून ठेवतं आणि साध्या धुण्याने सोडत नाही. ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा सुरू. तरी बाकीच्या मुलींच्या गणवेशाला का नाही? जयवंतीने आपणहून सांगितलं, "त्या जव्हारातच ऱ्हातात. पंख्याखालून पंख्याखाली. मी चढ चढून जीप पकडते, मंग तासभर जीपमधी."

मी खाली आले ती पेटूनच. भर दमट डोंगरात मुलींना प्लास्टिक नेसवायचं आणि वर त्यांनाच दाराशी बसवायचं! ‘गणवेश हटाव’, मी जाहीर केलं. सह्यांची मोहीम. निवेदन.

"गणवेश हटेल तवा हटेल," जयवंती म्हणाली. "सोमवारी काय घालू?"

खोडाळा

म्हणून मोखाड्याहून पुढे खोडाळ्याला गेलो, जयवंतीच्या मावशीकडे. रस्ता वळणावळणाचा, खाचरांत भात पिवळं पडत आलेलं, वळणावळणाला थांबून जीप माणसं घेणार. खोडाळ्याच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या ओट्यावर मावशीचं पायमशीन. ब्लाउज, परकर, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या. तिने सगळी हकिकत मशीन न थांबवता ऐकली.

"म्हंजे ही शहरातली पोर दोन दिस काखा हुंगत फिरते?" तिने जयवंतीला विचारलं. "लगीन झालंय का हिचं?"

"नाय मावशे."

"मंग बरोबर."

शेजारचा भजीवाला इतका हसला की त्याच्या कढईतलं एक भजं करपलं. ते त्याने मलाच दिलं.

विचार असा होता: काखेतलं कापड कापून काढायचं आणि त्या जागी सुती तुकडा बसवायचा. वास धरून बसलेला भागच नाहीसा, आणि नवा घाम सुताला. मावशीने गणवेश उलटा केला, शिवण बोटांनी चाचपली आणि बाजूला ठेवून दिला.

"नवीन कपड्याला भोक पाडू? एकच जोड हाय तुझा. मॅडम म्हनली, गणवेश फाडला, जा घरी. मंग?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं, "मी बोलेन मॅडमशी."

"तुमी बोलल्यावर तर ती हाकलंलच," मावशी म्हणाली.

जयवंतीने गणवेश मांडीवर घेतला, काखेशी हुंगला, मग हात लांब करून मावशीची मोठी कात्री उचलली. मावशी म्हणाली, "ए, थांब." ती थांबली नाही. एका हाताने कापड ताणून तिने कात्री चालवली. कर्रकन आवाज झाला. पानाच्या आकाराचा निळा तुकडा ओट्यावर पडला.

"आता दुसरी बाजू तू काप," ती म्हणाली. तिने कात्री मावशीकडे सरकवली. "आता काय, शिवावंच लागंल."

सुती अस्तराच्या कापडात तो निळा रंग कुठेच मिळाला नाही. एका दुकानात गडद, दुसऱ्यात फिका. जयवंतीने फिका घेतला. मावशीने तुकडे इतके सफाईने बसवले की हात खाली असताना काही कळत नव्हतं. हात वर केला की मात्र दोन फिकट पानं दिसायची, आणि रुग्णाला उचलताना हात वर करावेच लागतात. निघताना मावशीच्या नवऱ्याने दाढीच्या डब्यातली तुरटी जयवंतीला दिली, ओल्या काखेला फिरव म्हणाला. मीही फिरवून पाहिली. चरचरली, पण जीपमध्ये फरक जाणवला. उरलेला गणवेश रात्री खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजला. चुलीवर टांगायचा नाही, एवढं कबूल करायला आईने फार वेळ घेतला.

पुन्हा जव्हार

सोमवारी मी गप्प बसायचं कबूल करून गेले. भिंतीशी उभी राहिले. मॅडमनी मुलींची नावं पुकारली, खाटेची चादर ओढली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"रुग्ण पाहिजे. तुम्ही. रिकाम्याच आहात ना?"

"मी?"

"खरा रुग्ण तोंडावर बोलत नाही. तुम्ही बोलता. झोपा."

मी खाटेवर झोपले. पत्रा तापलेला, पंखा नावाला. जयवंतीचं नाव आलं. ती जीपमधून, चढ चढून आलेली, कपाळावर घाम. तिने शिकवल्याप्रमाणे माझी उशी सरकवली, एक गुडघा खाटेला टेकवला, माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, आपला हात माझ्या पाठीमागून घातला आणि मला उचललं. माझं नाक सरळ तिच्या काखेत गेलं. हात वर होता. फिकं पान माझ्या डोळ्यांसमोर होतं, पुरतं भिजलेलं.

"सांगा आता," मॅडम म्हणाल्या. 

‘अजिबात नाही’ हे शब्द जिभेवर तयार होते. पण ते बोलले असते तर कोणीच विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर पहिल्या खऱ्या रुग्णाने ते खोटं पाडलं असतं.

"येतो," मी म्हटलं. "घामाचा. ताज्या. आणि थोडा धुराचा." जयवंतीचा हात माझ्या पाठीवर ताठ झाला. "मळमळेल असा नाही. तुमच्या अत्तराने जास्त मळमळतंय."

कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या, वाकल्या आणि स्वतः हुंगलं, डॉक्टर नाडी बघतात तितक्या गंभीरपणे. मग त्यांना ठिगळ दिसलं.

"हे काय? हे गणवेशात नाही."

"नाय मॅडम," मला तसंच धरून ठेवून जयवंती म्हणाली. "तिथलं कापड वास धरायचं, म्हणून कापलं. हे सुती हाय. हे काढलं तर गणवेश बरोबर होईल, पण वास परत येईल. तुमी सांगा काय ठेवू."

मॅडम सरळ झाल्या. त्यांनी बाकांकडे पाहिलं. उकाडा होता, आणि सगळ्याच मुलींच्या निळ्या काखा गडद झाल्या होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने पटकन हात मिटून घेतले. मॅडमनी पदराने स्वतःची मान पुसली.

"रंग जुळवून घे," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकव. खाली ठेव तिला. पुढची कोण?"

त्यांनी सही तिथेच, खाटेच्या कठड्यावर कागद टेकवून केली. जयवंतीने मला सावकाश उशीवर ठेवलं, शिकवल्याप्रमाणे आधी खांदे, मग डोकं. चादर सारखी करायच्या निमित्ताने ती माझ्या कानाशी वाकली.

"ताई," ती कुजबुजली, "वास मारतो तुमचा. मी तर श्वास धरूनच उचललं तुम्हाला."